परसातल्या पंचवीस कोंबड्यांतून महिन्याला किती सुटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागे मोकळी जागा आहे, वीस-पंचवीस कोंबड्या ठेवायचा विचार आहे, तर महिन्याला किती पैसे सुटतील आणि कोणती जात घ्यावी? कोंबड्या परसात चरल्या, घरातलं उरलंसुरलं खाल्लं की खाद्याचा खर्च जवळजवळ शून्य होतो, हे खरं का? आणि ओळखीतल्या एकांनी सांगितलंय की पंचवीसमध्ये काही उरत नाही, करायचंच तर शंभरने सुरुवात करा. ते ऐकावं का?

बरीच वर्षं परसातला छोटा कळप सांभाळतेय, नव्याने सुरू करणाऱ्या अनेकांचे हिशेबही बघितलेत. त्यावरून सांगते, या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. कोंबडीच्या पोटात जे जातं त्यातलं किती परत येतं, आणि परत आलेलं कोण, काय भावाने घेतं? जात, खुराडं, संख्या या गोष्टी त्यानंतर येतात. लोक नेमकं उलटं करतात. आधी खुराडं बांधतात, मग जातीची चर्चा करतात, आणि अंडी घरात साठायला लागली की गिऱ्हाईक शोधायला निघतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. तुमच्याकडे खाद्य कितीला मिळतं, अंडं कितीला जातं, शेजारी कोंबड्याचं आरवणं सहन करतील का, वस्तीत किती पक्षी ठेवायला परवानगी आहे, हवा किती गरम किंवा दमट असते, हे सगळं तुम्हीच पाहायला हवं. म्हणून मी पैशांत आकडे देत नाही. मी स्वतःही हिशेब पैशांत करत नाही, खाद्याच्या किलोत करते. भाव वर-खाली झाले तरी हा हिशेब मोडत नाही, आणि आपल्या गावचा दर घातला की उत्तर समोर येतं.

मध्यम वजनाची अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. ११५ धरा. पंचवीस कोंबड्या म्हणजे दिवसाला पावणेतीन किलोच्या थोडं वर, महिन्याला ८६ किलो. हे खाणं अंडं दिलं तरी लागतं आणि नाही दिलं तरी फार कमी होत नाही. अंडी भरात असताना पंचवीसमधून रोज वीस-बावीस मिळतील. पण पिसं गाळण्याचे महिने, दिवस लहान होण्याचा काळ, कडक उन्हाळा, एखादी खुडूक (अंडी थांबवून उबवायला बसलेली), हे सगळं धरून वर्षाची सरासरी रोज १६ अंड्यांच्या आसपास येते, तीही कोंबड्या चांगल्या जातीच्या असतील आणि खाद्य नीट असेल तर. म्हणजे महिन्याला ४८० अंडी. ८६ किलोला ४८० ने भागा, एका अंड्यामागे १८० ग्रॅम खाद्य आलं.

आता जो खर्च बहुतेकजण विसरतात तो. पिल्लू अंड्यावर यायला वीस-बावीस आठवडे लागतात आणि तोवर ते साडेसात किलोच्या आसपास खातं. त्या काळात त्याच्याकडून काहीच मिळत नाही. कोंबडी पुढे दीड-दोन वर्षांत जी अंडी देईल त्यांवर हे खाद्य वाटलं, मेलेल्या पिल्लांचंही त्यात धरलं, तर अंड्यामागे आणखी वीस-पंचवीस ग्रॅम चढतात. मग पिल्लांची किंमत, तूस किंवा भुसा, लस, वीज, फुटकी अंडी, खुराड्याची डागडुजी. हे सगळं मिळून माझ्या वहीत एका अंड्याचा खर्च पाव किलो खाद्याच्या किमतीएवढा येतो. यात माझी मजुरी धरलेली नाही.

म्हणून माझा नियम: चार अंडी विकून एक किलो खाद्याचे पैसे येत असतील तर बरोबरी, ना नफा ना तोटा. तीन अंड्यांना किलोभर खाद्याचे पैसे आले तर फायदा सुरू झाला. आज तुमच्या भागात खाद्याचं पोतं कितीला आणि अंडं कितीला, एवढी दोनच माहिती काढा. धंदा जमेल की नाही हे कोंबडी घेण्याआधीच कळेल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तीन अंड्यांना एक किलो या भावाने ४८० अंडी विकली तर १६० किलो खाद्याएवढे पैसे आले. खर्च १२० किलोचा. महिन्याला ४० किलो खाद्याच्या किमतीएवढे सुटले. यावर संसार चालणार नाही. पण यातलीच थोडी अंडी घरात खाता येतात, हाताशी थोडे पैसे राहतात, आणि पुढे वाढायचं तर पाया तयार होतो.

आता 'शंभर घ्या' या सल्ल्याकडे बघू. वरच्याच भावाने पंचवीसच्या पन्नास केल्या तर ४० चे ८० होतील. तेच पंचवीस कोंबड्या ठेवून भाव सुधारला, समजा दोन अंड्यांना एक किलो खाद्याचे पैसे यायला लागले, तर येणारे पैसे २४० किलोचे आणि खर्च तोच १२० चा. सुटलेले १२०. कोंबड्या दुप्पट करून मिळतं त्याच्या दीडपट, आणि एकही जास्तीचं पोतं न उचलता. शंभर कोंबड्यांची अंडी ओळखीपाळखीत खपत नाहीत, ती दुकानदाराला किंवा व्यापाऱ्याला घाऊक भावाने द्यावी लागतात. तिथे तुमची गाठ हजारो कोंबड्यांच्या शेडशी पडते. त्यांचं खाद्य गाडीने येतं, त्यांची जात वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, त्यांचा दर अंड्यामागचा खर्च तुमच्यापेक्षा कमीच असणार. त्या भावात उतरून परसातला माणूस टिकत नाही. छोट्या कळपाने गिऱ्हाइकाच्या हातात थेट, ताजं, ओळखीचं अंडं द्यावं आणि त्याचा वेगळा भाव घ्यावा. आपली ताकद तेवढीच आहे आणि ती पुरेशी आहे.

यासाठी मी बांधलेली घरं, म्हणजे कायमची ठरलेली गिऱ्हाइकं, ठेवते. आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेली अंडी. आणि किती घरं बांधायची हे भरातल्या महिन्यावरून ठरवू नका. दिवस लहान होत जातात, अर्धा कळप पिसं गाळत असतो, तेव्हा पंचवीस कोंबड्यांतून रोज दहाच अंडी मिळतील. तेवढ्याच अंड्यांचा शब्द द्या. भरात जास्तीची निघतील ती उबवायला ठेवता येतात किंवा सुटी विकता येतात. गिऱ्हाईक दोनदा रिकाम्या हाताने परत गेलं की तिसऱ्यांदा येत नाही, मग भाव कितीही कमी करा. अंडी रोज दोनदा गोळा करायची, थंड जागी ठेवायची, आठवड्याच्या आत पोचवायची. मळकी घरात वापरायची. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो जंतूंना आत शिरू देत नाही. अंडं खळखळून धुतलं की तो जातो. म्हणून धुण्यापेक्षा अंडं मळूच नये यावर मेहनत घ्या. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं, त्यात कोरडं गवत, आणि रात्री कोंबड्या त्या खोक्यात झोपायला जाणार नाहीत एवढी काळजी. झोपायची दांडी खोक्यापेक्षा उंच असली की त्या आपोआप दांडीवर जातात.

खाद्य शून्यावर येतं का, या प्रश्नावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त कळप इथेच तोट्यात जातात.

चरणारी गावठी कोंबडी जवळजवळ बिनखर्चात जगते हे खरं आहे. ती किडे, बी, कोवळा पाला वेचते आणि वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, मधे दोन-तीनदा खुडूक बसते. तिने जेवढं घेतलं तेवढंच दिलं. गडबड होते ती दीडशे-दोनशे अंड्यांच्या कोंबडीकडून तशाच खाण्यावर काम काढायला गेलं की. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्मंच अंगी लागतं, म्हणजे रोज चार ग्रॅम पोटात जायला हवं. प्रथिनं रोज सोळा ते अठरा ग्रॅम लागतात. लेअर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या तयार खाद्यात, १६ ते १७ टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, त्यामुळे ११५ ग्रॅममध्ये दोन्ही गरजा भागतात. आता खर्च वाचवायला कुणी निम्मं लेअर आणि निम्मा मका घातला तर काय होईल बघा. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के आणि कॅल्शियम नावालाच. प्रथिनं चौदा ग्रॅमवर आली, कॅल्शियम दोनवर. काही दिवस कोंबडी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवच बनवते. मग पातळ कवचाची अंडी येतात, ती खोक्यात फुटतात, कोंबड्या फुटकं अंडं चाखतात आणि अंडी खायची सवय लागते. ती सवय एकीची दहाजणींना लागते. शेवटी अंडी बंद. पोतं वाचलं असं वाटतं, पण प्रत्यक्षात अंड्यामागचं खाद्य १८० वरून अडीचशेवर गेलेलं असतं.

घरातलं उरलेलं जरूर द्या, पण ते बहुतांशी पाणी असतं हे लक्षात ठेवा. एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपुढे नको, आणि तेही संध्याकाळी, मुख्य खाद्य पोटात गेल्यावर. खारट, बुरशी लागलेलं, आंबलेलं अजिबात नको. चांगली चराई असेल तर खाद्यात दहा ते वीस टक्के बचत होते, एवढंच धरून चाला. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. जिला गरज ती बरोबर वेचते. आणि लेअर खाद्य लहान पिल्लांना कधीच घालू नका. एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

पोत्यातलं खाद्य कोंबडीच्या पोटाबाहेर कुठे जातं तेही शोधा. भांडं काठोकाठ भरलं की कोंबडी चोचीने उडवते. भांडं एक तृतीयांशच भरावं आणि त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगावा. पाच टक्के सांडलं तरी महिन्याला चार किलोच्या वर गेलं. उंदराचं तर लोकांना भानच नसतं. एक उंदीर रोज वीस-पंचवीस ग्रॅम खातो, म्हणजे चार-पाच उंदरांनी मिळून एक कोंबडी पाळली म्हणायची. खुराड्याखाली दहा उंदीर असतील तर महिन्याला सात किलो गेले, वर लेंड्या-मुताने जे खराब केलं ते वेगळं. रात्री खाद्याची भांडी उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर हे बरंचसं थांबतं. पोतं जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नका. ओल धरली की बुरशी येते, आणि बुरशीचं विष थोडं असलं तरी अंडी कमी होतात, यकृत बिघडतं, पिल्लं मरतात. महिन्याभरात संपेल एवढंच आणा.

पाणी खाद्याच्या दुप्पट लागतं, उन्हात त्याहून जास्त. दुपारी भांडं कोरडं राहिलं तर त्याचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंड्यांत दिसतो, आणि तोवर कोरड्या भांड्याची आठवणही राहिलेली नसते. पाण्यावर खर्च नाही, फक्त लक्ष हवं.

आता माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य. कोणती कोंबडी अंडी देते आणि कोणती नुसती खाते, हे हाताने ओळखणं. पंचवीसमधल्या पाच बसून खात असतील तर महिन्याला १७ किलो खाद्य गेलं. महिन्याला ४० किलो सुटत असताना हे १७ किती मोठे आहेत बघा.

रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की मंद बॅटरी घेऊन जायचं. अंधारात त्या शांत असतात, धरपकड करावी लागत नाही. एकेक अलगद उचलायची आणि काखेत धरायची, तिचं तोंड आपल्या पाठीकडे. शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना बारीक हाडांची दोन टोकं बोटाला लागतात. अंडी देणाऱ्या कोंबडीत त्या टोकांमध्ये दोन ते तीन बोटं आडवी बसतात आणि टोकं दाबली तर लवतात. अंडी बंद असलेलीत जेमतेम एक बोट शिरतं आणि टोकं ताठ लागतात. पोट चाचपा. देणारीचं मऊ आणि भरलेलं, दुसरीचं आक्रसलेलं किंवा चरबीने टणक. देणारीचं गुदद्वार मोठं, ओलसर, फिकट. बंद असलेलीचं लहान, कोरडं, आवळलेलं. पिवळ्या पायांच्या जातीत आणखी एक खूण मिळते. अंडी सुरू झाली की अंगातला पिवळा रंग बलकात जातो, त्यामुळे आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा आणि शेवटी नडग्यांचा पिवळेपणा ओसरतो. अंडी थांबली की त्याच क्रमाने तो परत येतो. म्हणून कळपात जिच्या नडग्या सगळ्यात पिवळ्याधमक आणि पिसं सगळ्यात नीटनेटकी, ती 'सुंदर' कोंबडी बहुतेक वेळा फुकट खाणारी असते. झिजक्या पिसांची, फिकट पायांची, लाल तुऱ्याची कोंबडी घर चालवत असते.

संशय आलेलीच्या पायात रंगीत कडं घाला आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. पिसं गाळणारी किंवा खुडूक कोंबडीसुद्धा तेवढ्यापुरती बंदच लागते, घाईत चांगली कोंबडी काढली जाऊ नये. पिसं गाळायला आठ ते बारा आठवडे जातात. पहिल्या वर्षाची तरुण कोंबडी गाळायला बसली तर मी थांबते. दुसरं वर्ष संपत आलेली असेल तर तिला गाळायला बसण्याआधीच विकलेलं बरं, कारण दुसऱ्या वर्षी अंडी पंधरा-वीस टक्क्यांनी कमी होतात आणि तिसऱ्या वर्षी आणखी. ज्यांना म्हाताऱ्या कोंबड्या शेवटपर्यंत ठेवायच्यात त्यांनी ठेवाव्यात, त्यात वाईट काहीच नाही. फक्त त्यांचं खाद्य धंद्याच्या वहीत न लिहिता घरखर्चात लिहावं, म्हणजे हिशेब खरा राहतो.

उजेडाबद्दल थोडक्यात. कोंबडीला अंडी द्यायला दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. दिवस लहान व्हायला लागले की पहाटे एक लहान दिवा लावून तेवढे तास भरून काढा. संध्याकाळी लावू नका, तो एकदम विझला की कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकतात, दांडी सापडत नाही. अठरा आठवड्यांखालच्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना, जास्तीचा उजेड नको. अंग भरायच्या आत अंडी सुरू झाली तर अंडी बारीक येतात आणि अंडं अडकण्याचा धोका वाढतो.

जातीबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय आणि मी सगळ्यात कमी लिहिणार आहे. फक्त अंडी विकायची असतील तर अंड्यावरची संकरित तलंग घ्या. पिल्लं, तलंगा, नर हेही विकायचं असेल तर ऱ्होड आयलंड रेड किंवा ऑस्ट्रेलॉर्पसारखी दुहेरी उपयोगाची जात बरी, अंडी थोडी कमी पण नराला वजन येतं. शिकारी प्राणी फिरतात, कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, अशा ठिकाणी हलक्या अंगाची, चपळ, स्थानिक रक्ताची. पांढरी लेगहॉर्न खाते कमी आणि देते भरपूर, पण ती बिचकते, आणि म्हातारी विकताना वजनाचे पैसे मिळत नाहीत. खरेदीत मात्र एक सांगते. पहिल्यांदा पाळताय तर एक दिवसाची पिल्लं न घेता सोळा-अठरा आठवड्यांच्या लसीकरण झालेल्या तलंगा घ्या. महाग वाटतील, पण पहिल्या पाच-सहा आठवड्यांतली मर दुसऱ्याने सोसलेली असते.

आणि याच कारणाने तलंगा विकणं हा छोट्या कळपाचा अंड्यापेक्षा चांगला धंदा ठरू शकतो. हिशेब पुन्हा खाद्यातच करू. चाळीस फलित अंडी उबवायला ठेवली. घरगुती यंत्रात सत्तर टक्के फुटली तर २८ पिल्लं. निम्मे नर. एखाद-दुसरं मेलं, तेरा तलंगा आणि तेरा नर हाती आले. सोळा आठवड्यांत तलंग सहा किलोच्या आसपास खाते, नर सात. एकूण १७० किलो. अंडी, वीज, लस, तूस यांचे पस्तीस किलो धरा. २०५ झाले. नरांनी फक्त आपापलं खाद्य भरून काढलं असं मानलं, तर उरलेले ११४ किलो तेरा तलंगांवर पडतात. एक तलंग नऊ किलोला पडली. मी चौदा किलोखाली सोडत नाही आणि गिऱ्हाईक खळखळ करत नाही, कारण महिना-दीड महिन्यात ती अंड्यावर येणार हे त्याला माहीत असतं. लोक अंडी, वीज, लस, तूस यांचा खर्च विसरून तलंग सहा किलोला पडली असं समजतात आणि आठला विकतात. तोटा कुठे झाला हे त्यांना कळतच नाही.

यासाठी आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा लागतो, म्हणून शेजाऱ्यांचा प्रश्न आधी विचारला. उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, १५ ते १८ अंश तापमानात, निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. यंत्रात हवा खेळवणारा पंखा असेल तर ३७.५ अंश, अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून चार-पाच वेळा फिरवायची, शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद आणि ओलावा वाढवायचा. एकविसाव्या दिवशी पिल्लं. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देणाऱ्या जागेत, पहिला आठवडा ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गर्दी केली तर थंडी वाजतेय, कडेला चोच उघडून बसली तर उकडतंय, सगळीकडे सारखी पसरली की बरोबर. रवणीला बसलेली कोंबडी हेच काम बिनविजेचं करते, दहा-बारा अंड्यांपर्यंत. पण उबवण आणि पिल्लांची राखण यांत तिची दोन-अडीच महिन्यांची अंडी जातात, ती खर्चात धरा.

रोगावर लिहायला लागले तर हे उत्तर संपणार नाही, म्हणून जे खिसा रिकामा करतं तेवढंच लिहिते. मानमोडी म्हणजे राणीखेत आला तर औषध नाही, कळप आठवड्यात जातो. लस हाच उपाय. छोट्या कळपाची खरी अडचण अशी की लसीची बाटली शेकडो मात्रांची येते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. पंचवीस पक्ष्यांसाठी बाटली फोडायला जिवावर येतं आणि माणूस लस टाळतो. आसपासच्या चार-पाच पाळणाऱ्यांनी एक दिवस ठरवून एकच बाटली वाटून घ्यावी, मात्र एकमेकांच्या खुराड्यात न शिरता आणि चपला न नेता. वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यांकडून लिहून घ्या, कारण देवी, मरेक वगैरे रोगांच्या लसींची गरज भागाप्रमाणे बदलते. पिल्लांत तीन ते सहा आठवड्यांत रक्ती हगवण येते, तिचं मूळ ओल्या गादीत, म्हणजे खाली अंथरलेल्या तुसात, असतं. मूठभर तूस दाबून पाहा, गोळा झाला तर ओल जास्त आहे. ती हलवा, कोरडं तूस घाला, पाण्याचं भांडं गळतंय का बघा.

खताचे पैसे लोक मोजत नाहीत. पंचवीस कोंबड्या रोज तीन किलोच्या आसपास ओली विष्ठा टाकतात. ताजी झाडाला घातली तर मुळं जळतात, पण तुसासकट कुजवली की चांगलं नत्रयुक्त खत होतं. कुंड्या आणि भाजीचे वाफे असणारी माणसं ते पोत्याने नेतात. तूस-भुशाचा वर्षभराचा खर्च माझ्याकडे त्यातूनच निघतो.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर आधी दोन भाव काढा आणि चार अंड्यांना एक किलोच्या नियमावर घासून बघा, मग गिऱ्हाइकांची घरं बांधा, मग कोंबड्या आणा. आणताना पंचवीस एकदम आणू नका. सगळ्या एका वयाच्या असल्या की सगळ्या एकदम भरात येतात आणि सगळ्या एकदम पिसं गाळतात, बांधलेली घरं त्या दोन-तीन महिन्यांत तुटतात. बारा तलंगा आता घ्या, बारा-तेरा सहा-आठ महिन्यांनी. पुढे दरवर्षी जुना निम्मा कळप काढायचा आणि नवा निम्मा घालायचा. खुराडं मात्र पहिल्याच वेळी पंचवीसचं बांधा, आत दर कोंबडीला तीन-चार चौरस फूट जागा आणि दांडीवर वीत-दीड वीत जागा येईल असं. आणि त्यापासून शक्य तितक्या लांब, तिथला वारा खुराड्याकडे येणार नाही अशा बाजूला, एक छोटा वेगळा आडोसा आत्ताच करून ठेवा. दुसऱ्या तुकडीच्या तलंगा कळपात सोडण्याआधी तीन-चार आठवडे तिथे ठेवाव्या लागतील. त्यांचं खाणंपाणी रोज जुन्या कळपाचं उरकल्यावरच करायचं.